डाग की आवळ

"आधी कल्हई, मग डाग," असं म्हणत काका चष्मा कपाळावर चढवायचे आणि तारेचं टोक नाकाजवळ इतकं आणायचे की बघणाऱ्यालाच भुवई जळाल्याचा वास यावा. चष्मा लांबचं बघायला आणि जवळचं बघायला देवाने दिलेले डोळे, अशी त्यांची वाटणी होती. तारेवर कथलाचा पातळ थर चढला की ते "हं" म्हणायचे. हे "हं" आलं नाही तर ती तार कापून कचऱ्यात जायची, मग बाहेर कुणी का ओरडेना.

शॉमबर्गमधली आमची कंपनी लहान. नगरपालिकांच्या गाड्यांवर, म्हणजे बर्फ ढकलणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या, रस्ते दुरुस्त करणाऱ्या गाड्यांवर आम्ही रेडिओ बसवत असू. रेडिओपासून टपावरच्या अँटेनापर्यंत जी केबल जाते तिला कोअॅक्सिअल केबल म्हणतात. तुम्ही सगळ्यांनी ती पाहिली आहे. टीव्हीच्या मागे जी जाड काळी वायर येते, तिचीच ही बहीण. मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर तांब्याची बारीक जाळी आणि सगळ्यांवरून काळं साल. टोकाला धातूचा कनेक्टर बसवायचा. तो बसवायच्या दोन रीती. एक म्हणजे सोल्डर करायचा. दुसरी म्हणजे जाळीवर धातूची रिंग चढवून ती हत्याराने दाबायची, म्हणजे क्रिम्प. काका पहिल्याला "डाग" म्हणत आणि दुसऱ्याला "आवळ".

डाग हा शब्द त्यांनी अमरावतीहून आणला होता. तिथे त्यांच्या वडिलांचं स्टोव्ह, कंदील आणि गळक्या बादल्या दुरुस्त करायचं दुकान होतं. पुस्तकात त्याला डाख म्हणतात, हे मी पुण्याची असल्यामुळे त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. त्यावर ते म्हणाले, "पुस्तकाची बादली गळत नाही, बाई." तेव्हापासून मीही डागच म्हणू लागले. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघंच मराठी. त्यामुळे "आज किती डाग लागले?" असं मी आल्या आल्या विचारायचे आणि ते "बेचाळीस, सगळे अभिमानाचे," असं काहीतरी उत्तर द्यायचे.

आवळीबद्दल त्यांना मनापासून तुच्छता होती. क्रिम्पच्या हत्याराला ते सांडशी म्हणत. "सांडशीनं दाबायचं, हे काय काम आहे? दूध उतरवून राहिली का तू?" हे ते इतक्या वेळा म्हणाले की ते हत्यार खणातून काढायचीच मला लाज वाटू लागली होती. चोवीस वर्षं त्यांनी त्या कंपनीत एकाच टेबलावर, एकाच खुर्चीवर डाग दिला. खुर्चीची गादी तीनदा बदलली, पण खुर्ची बदलू दिली नाही.

आमचा मॅनेजर विस्कॉन्सिनचा, उंच, भला माणूस. पण घाईचा. तो टेबलापाशी येऊन उभा राहिला की काका मान वर न करता म्हणायचे, "सर, नो हरी. हरी इज ओन्ली इन टेंपल." त्याला बिचाऱ्याला त्यातलं काही कळायचं नाही, तरी तो दर वेळी हसायचा. मी मात्र तोंड फिरवून हसायचे, कारण हा विनोद मला समजावून सांगायला लागला असता.

मी इंजिनियर आणि ते टेक्निशियन. कागदावर ते माझ्या हाताखाली होते. प्रत्यक्षात काय होतं ते, अशा माणसांबरोबर ज्यांनी काम केलंय त्यांना सांगायला नको. मी ड्रॉइंग घेऊन जायचे, ते त्यावर एक नजर टाकून म्हणायचे, "हे तू काढलं का?" मी हो म्हटलं की म्हणायचे, "छान आहे. आता काय पाहिजे ते तोंडी सांग."

काकूंना मी आधी त्यांच्या डब्यातून ओळखू लागले आणि नंतर प्रत्यक्ष. त्यांना संधिवात होता. चाळिशीतच बोटं वाकडी व्हायला लागली होती. मग दर आठ आठवड्यांनी इस्पितळात जाऊन घ्यायचं एक इंजेक्शन सुरू झालं आणि बोटं जिथे होती तिथे थांबली. ते इंजेक्शन चालायचं काकांच्या नोकरीच्या इन्शुरन्सवर. नोकरी गेली तरी इन्शुरन्स स्वतः विकत घेता येतो म्हणतात, पण त्याचा भाव ऐकून धडधाकट माणूससुद्धा आजारी पडेल. पासष्टाव्या वर्षी सरकारी विमा मिळतो. तेव्हा दोघंही त्रेसष्टचे होते. काकू चार महिन्यांनी मोठ्या, आणि हे काका नव्या माणसाला पाच मिनिटांच्या आत सांगत. "दोन वर्षं काढायची, बाई. मग हे टेबल तुले आंदण देतो," असंही म्हणत. खुशीत किंवा रागात आले की त्यांचं "मला-तुला" जाऊन "मले-तुले" यायचं. एरवी ते बोलताना माझ्या पुण्याची लाज राखत.

त्या जानेवारीत एक केबल परत आली.

शेजारच्या काउंटीत वादळात बर्फ ढकलणारी एक गाडी रस्त्यावरून घसरून खड्ड्यात गेली होती. ड्रायव्हरने रेडिओ लावला, तर रेडिओ मुका. फोनला रेंज नाही. दार बर्फाने दाबलेलं. दुसरी गाडी त्या रस्त्याने येईपर्यंत तो माणूस चार तास आत बसून राहिला. इस्पितळात दोन दिवस काढून तो घरी गेला, तेवढं त्याचं नशीब. काउंटीने केबल एका पाकिटात घालून आमच्याकडे पाठवली आणि सोबत चार ओळींचं सभ्य पत्र. सभ्य पत्रं फार वाईट असतात.

काकांनी केबल ब्लेडने उभी चिरली. मी शेजारी उभी होते. "डाग नाही सुटला," ते म्हणाले, आणि आवाजात थोडी ऐट होती. खरंच, सोल्डर जिथे केलं होतं तिथे सगळं शाबूत होतं. जाळी तुटली होती त्याच्या बोटभर पलीकडे, एकेक तंतू करून. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती जागा डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाले, "डागाच्या मागे तुटली." आणि दुपारी चहा न घेताच बसले.

सोल्डर तापल्यावर जाळीत थोडं आतपर्यंत झिरपतं. तेवढा भाग ताठ होतो, आणि जिथे ताठपणा संपून मऊ जाळी सुरू होते, तिथे गाडीच्या थरथराटाने ती वाकून वाकून तुटू शकते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण एका केबलवरून काही सिद्ध होत नाही. मॅनेजरने दोघांना बोलावलं आणि सांगितलं, की दोन्ही रीतीच्या बारा-बारा केबल करा, फ्रीझरमध्ये गोठवा, थरथरणाऱ्या टेबलावर हलवा, ताण मोजायच्या काट्याला लावून ओढा. सोल्डर टिकलं तर जसं चाललंय तसं चालू. क्रिम्प टिकला तर पुढच्या हिवाळ्यापासून तयार केबली बाहेरून मागवू, त्या स्वस्तही पडतील. मग तो काकांकडे बघून म्हणाला, "यू अंडरस्टँड व्हॉट दॅट मीन्स."

"येस सर," काका म्हणाले. "टेबल क्लोज."

आता हरी नव्हता आणि टेंपलही नव्हतं.

बारा डाग काकांनी दिले. आवळायचं काम माझ्याकडे आलं, कारण सांडशी हातात धरायला ते तयार नव्हते. त्या दिवशी काकूंनी ऑफिससाठी डबा पाठवला होता. त्याला मी बटाटेवडे म्हणते आणि ते आलुबोंडे म्हणतात. या एका विषयावर आमचं चोवीस वर्षांत एकमत होणार नाही असं ते म्हणत, आणि माझी तर तिथे सहाच वर्षं झाली होती. काकूंची बोटं दुखत असावीत, कारण वडे एक लहान एक मोठा असे झाले होते. काका डबा उघडून खोलीच्या त्या टोकाला उभे होते. मी या टोकाला हत्यार घेऊन बसले होते. त्या हत्याराच्या जबड्यात दोन आकारांच्या खाचा असतात. कुठला आकार घ्यायचा ते मी ड्रॉइंगमध्ये बघायला हवं होतं. इंजिनियर मी होते, ड्रॉइंग मी काढलेलं होतं आणि ते माझ्याच कोपराखाली पडलेलं होतं. पण आळस हा माझा जुना मित्र.

मी ओरडून विचारलं, "काका, छोटा घेऊ की मोठा?"

"मोठाच घे बाई," ते ओरडले. "लाजते कशाला?"

मी मोठ्या खाचेत बाराच्या बारा रिंगा दाबल्या.

मग काय व्हायचं ते झालं. थरथरणाऱ्या टेबलावर दोन दिवसांत आवळीच्या केबली एकामागून एक सैल होऊ लागल्या. ओढायच्या काट्यावर तर एक केबल मोजे काढावे तशी कनेक्टरमधून निघून आली. तिथेच टेबल थांबवलं; तोपर्यंत डागाच्या सगळ्या टिकल्या होत्या. मी इतकी खूश झाले की घरी जाऊन शिरा केला. काकांची दोन वर्षं निघणार होती, काकूंचं इंजेक्शन चालू राहणार होतं, आणि हे सगळं विज्ञानाने सिद्ध झालं होतं.

मंगळवारी मी हत्यार पुसून ठेवत होते. तेव्हा खाचेच्या बाजूला कोरलेला आकडा मला दिसला. मी ड्रॉइंग उघडलं, तर त्यात दुसराच आकडा. मग हत्यार खणात ठेवलं, खण बंद केला आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

हे मी अभिमानाने सांगत नाहीये, पण तुमच्यापासून लपवायचंही नाही. मी स्वतःची समजूत फार छान घातली. चोवीस वर्षांत एकच तर केबल परत आली. क्रिम्प नीट केला असता तरी कदाचित टिकला नसता. रिपोर्ट शुक्रवारी द्यायचा होता, आणि त्यात मी एकही खोटी ओळ लिहिणार नव्हते. जे झालं तेच लिहिणार होते. असं खरं बोलायला फार शिक्षण लागतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या टेबलाशी आले. हातात आवळीची एक फेकलेली केबल होती आणि दुसऱ्या हातात मोजमापाची पट्टी. ती केबल त्यांनी कचऱ्यातून काढली होती. क्रिम्पला नावं ठेवायला आणखी एखादा मुद्दा मिळावा म्हणून ते बघत बसले होते, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

"बाई, या रिंगेची रुंदी मोज."

"काय झालं?"

"मोज म्हणून राहिलो ना."

मी मोजली. मोजायची गरज नव्हती.

"मोठी आहे," ते म्हणाले. "हिनं केबल आवळलीच नाही. नुसती गळ्यात हात टाकून बसली होती. कुठल्या खाचेत दाबली?"

"मोठ्या."

"मोठ्या कशी?"

"तुम्हीच म्हणालात, मोठाच घे. मी विचारलं होतं तुम्हाला."

त्यांनी केबल टेबलावर ठेवली. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "अवो बाई, मी आलुबोंड्याचं बोलून राहिलो होतो!"

आम्ही दोघं हसलो. अगदी पोट धरून. काका खुर्ची ओढून बसले आणि डोळे पुसू लागले. पलीकडच्या टेबलावरची बाई काय झालं म्हणून विचारायला आली, तिला ते "पोटॅटो प्रॉब्लेम" एवढंच सांगू शकले. ती गेल्यावर ते थोडे शांत झाले आणि सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुले कधी कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, असं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता.

"मंगळवारी," मी म्हणाले.

आज गुरुवार होता. त्यांनी बोटांवर मोजल्यासारखं केलं.

"आणि गप्प बसली."

"काका, काकूंचं इंजेक्शन…"

"ते मले माहीत आहे," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "कुणासाठी केलं तेही समजलं मले. पण बाई, माझ्या बापानं जन्मभर डाग दिला. लावून नाही घेतला."

मला त्यांचा राग आला होता, हेही सांगून टाकते. मी त्यांच्यासाठी माझी नोकरी पणाला लावत होते आणि हा माणूस मला बापाची बादली दाखवत होता. मी म्हणाले, "मग जाऊ द्या इन्शुरन्स? कुणाचं भलं होणार आहे त्यात?"

"तो माणूस चार तास गाडीत बसून होता," ते म्हणाले. "बटन दाबत असंल. हॅलो, हॅलो करत असंल. माझ्या केबलवर." मग उठले. "आज लवकर जातो. उद्या पाहू."

ते चिडून गेले असं मला वाटलं. त्या दिवशी शॉमबर्गचा मोठा रस्ता पार करायला मला एरवीच्या दुप्पट वेळ लागला. सगळे सिग्नल लाल, आणि प्रत्येक सिग्नलला मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

शुक्रवारी सकाळी मी पोचले तर काका मॅनेजरच्या दारात उभे होते. "सर, फर्स्ट टेस्ट कॅन्सल," ते सांगत होते. "राँग साइझ. माय फॉल्ट. लँग्वेज मिस्टेक."

"नो, माइन," मी मागून म्हणाले. "आय न्यू सिन्स ट्यूजडे."

मॅनेजरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. चूक कुणाची यात मला रस नाही, तो म्हणाला, दोन आठवडे घ्या आणि पुन्हा करा. काका दाराबाहेर आल्यावर मला म्हणाले, "तू कशाला मधे बोलली? मी चांगला निभावून नेत होतो." मी म्हणाले, "तुमचं इंग्रजी ऐकवत नव्हतं." तेवढ्यावर आमचं मिटलं.

पुढचे दोन आठवडे मी जे पाहिलं ते पुन्हा कुठे पाहिलं नाही. पहिला दिवस त्यांनी फक्त सांडशी शिकण्यात घालवला. ज्या हत्याराला ते हात लावत नव्हते, ते घेऊन बसले. रिंग दाबायची, करवतीने कापायची, भिंगाखाली बघायची, फेकायची. पहिल्या तीसेक त्यांनी फेकल्या. मूठ दाबून दाबून मनगट सुजलं तर रुमाल गुंडाळून बसले. मी म्हटलं, द्या इकडे, मी करते. तर म्हणाले, "तू मोठा घेशील."

बारा आवळी मनासारख्या झाल्या तेव्हा त्यांनी "हं" म्हटलं. सांडशीच्या कामाला त्यांचं "हं" मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला वाटलं, डाग देताना आता हात थोडा सैल सोडतील. एकदा हरायचंच ठरवलं आहे तर कशाला जीव काढा. उलट झालं. त्यांनी सोल्डरिंगच्या हत्याराला नवीन टोक विकत आणलं, नवीन सोल्डर उघडलं, दार लावून घेतलं आणि बारा डाग असे दिले की मी तसे आधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाहीत. उष्णता किती क्षण द्यायची, सोल्डर जाळीत कमीत कमी कसं झिरपेल, याची चोवीस वर्षांची सगळी विद्या त्यांनी त्या बारांत घातली. "दोघांनाही पूर्ण ताकदीनं लढू दे," ते म्हणाले. "मग जो पडेल त्याची तक्रार नाही." ते जिंकायलाच बसले होते, हे मला तेव्हा कळलं. फक्त खरं जिंकायचं होतं.

थरथरणारं टेबल आठ दिवस गुणगुणत होतं. चौथ्या दिवशी डागाची पहिली केबल तुटली, डागाच्या मागे, बोटभर पलीकडे. मग रोज एखाद-दुसरी. आठव्या दिवशी टेबल बंद केलं तेव्हा डागाच्या सात गेल्या होत्या, आवळीची एक. काकांनी प्रत्येक तुटलेली केबल स्वतः चिरली आणि ओळीने मांडली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, लिही."

रिपोर्ट मी लिहिला, पण शेवटची ओळ त्यांनी सांगितली आणि ती बदलू दिली नाही. "व्हेअर इट शेक्स, क्रिम्प. व्हेअर इट सिट्स, सोल्डर." व्याकरणाबद्दल मी तोंड उघडलं नाही.

मार्चअखेर टेबल बंद झालं. मी भांडले. तपासनीस म्हणून ठेवा म्हटलं, मॅनेजरनेही वर शब्द टाकला, पण वरच्यांना बाहेरून तयार माल घ्यायचा होता आणि तपासणीही बाहेरचेच करणार होते. काकांनी शेवटच्या दिवशी टेबल ओल्या फडक्याने पुसलं, सगळ्यांशी हात मिळवला आणि मला म्हणाले, "आंदण द्यायचं होतं, ते राहिलं." त्या जागी आता प्रिंटर आहे.

दुसऱ्या सोमवारपासून ते काम शोधायला लागले. त्रेसष्टाव्या वर्षी, गळ्याशी बटण लावून, हातात फाइल. फाइलमध्ये आमच्या त्या रिपोर्टची प्रत होती. मॅनेजरकडून रीतसर परवानगी घेऊन त्यांनी ती ठेवली होती. मी फोनवर कपाळाला हात लावला. म्हटलं, "काका, नोकरी घालवणारा कागद घेऊन नोकरी मागायला जाता?" तर म्हणाले, "मग काय दाखवू? लग्नाचा फोटो?" नऊ ठिकाणी नाही म्हणाले. दहाव्या ठिकाणी, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये, दिवे आणि वायरिंगचं काम मिळालं. मुलाखत घेणाऱ्या तिथल्या बाईंनी रिपोर्ट पूर्ण वाचला होता की नाही, मला माहीत नाही. पण नोकरी लागली जूनमध्ये आणि इन्शुरन्स सुरू होणार होता सप्टेंबरमध्ये. मधले महिने इंजेक्शनशिवाय काढायचे होते.

तिथे त्यांनी पासष्ट पूर्ण केली, आणि वर एक वर्ष हौस म्हणून. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी चहा घेता घेता गेले. काकू आता लेकीकडे बॉथेलला असतात. सणावाराला फोन करतात आणि मी वड्यांना काय म्हणते ते मुद्दाम विचारतात.

पण काका म्हटलं की मला त्या मधल्या ऑगस्टमधला एक रविवार आठवतो. मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या घरी गेले होते. दार उघडलं काकांनी, आणि हात कोपरापर्यंत कणकेने भरलेले. काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचे हात मांडीवर होते, आणि बोटांची पेरं सुजून लाल झाली होती. दोन इंजेक्शनं चुकली होती. पेला उचलायचा तर त्या दोन्ही तळहातांमध्ये धरून उचलत होत्या.

"बस," काकू मला म्हणाल्या. "आज यांच्या हातच्या पोळ्या. चौकोनी आवडतात ना तुला?"

काका लाटत होते. जबडा आवळून, चष्मा कपाळावर. काकू सूचना करत होत्या, "कडेला लाटा, कडेला. मधे काय खणून राहिले?" आणि ते "येस मॅडम" म्हणत होते. ते तव्याकडे वळले तेव्हा मला राहवलं नाही. मी काकूंच्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "काकू, माझ्या हातात होतं. मी गप्प राहिले असते तर तुम्हाला हे…"

"मला माहीत आहे सगळं," काकू म्हणाल्या. "त्या गुरुवारी लवकर घरी आले आणि मला समोर बसवलं. म्हणाले, तुझ्या औषधाचा प्रश्न आहे, तर तूच सांग. तू नको म्हणशील तर मी उद्या तोंड उघडणार नाही."

"मग?"

"मग काय! मी म्हटलं, बोटं माझी वाकडी होतील, ती मी बघून घेईन. पण तो गाडीतला माणूस तुमच्या डोक्यात बसला की तुमचं ते सुतकी तोंड मला जन्मभर बघावं लागेल. ते मला नाही झेपायचं." त्या हसल्या, आणि हसताना हात दुखला असावा, कारण तो त्यांनी पोटाशी धरला. "जा म्हटलं, सांगून टाका."

काकांनी ताटं मांडली. पोळी काकूंच्या ताटात ठेवली, तिचे अगदी लहान लहान तुकडे केले, भाजीत बुडवून कडेला ओळीने लावले आणि मला गॅरेजमधल्या कुठल्याशा बसच्या दिव्याची गोष्ट सांगत राहिले. बोलण्यात खंड पडला नाही. काकू एकेक तुकडा तळहाताने ओढून घेऊन खात होत्या.

माझ्या ताटातली पोळी मध्ये जाड होती, कडेला जळली होती आणि आत कच्ची होती. मी चार खाल्ल्या.